आधी मासळीची गाडी

बेटेगावच्या अलीकडे पुलाचं काम सुरू आहे. तिथे दोन रांगांची एक रांग होते. सकाळी सात-साडेसातला, कारखान्यांची पाळी बदलायच्या वेळी, तिथे टँकर, कंपन्यांच्या बस, रिक्षा, मोटारसायकली सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. त्या तोंडापाशी आलं की शांताराम तांडेलचा उजवा हात खिडकीबाहेर निघायचा आणि खुणावत राहायचा. तुम्ही जा. तुम्ही पण जा.

"या, या, सगळे या," शेजारी बसलेली गोदूबाई ओरडायची. "आमचा बर्फ काय, उद्या वितळला तरी चालल!"

मागे हौद्यात बसलेल्या बाया हसायच्या. किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या सहा-सात बाया रोज पहाटे शांतारामच्या टेंपोत मासळीच्या पाट्या चढवायच्या, बोईसरला निम्म्या उतरायच्या आणि बाकीच्या बेटेगावपर्यंत यायच्या. सगळ्यांत थोरली म्हणून पुढची जागा गोदूबाईची. तिचं आणि शांतारामचं घर एकाच गल्लीत. ती त्याची मावशी नव्हती, पण तो तिला मावशीच म्हणायचा.

"होळीपासून तुजा काय बिगडलाय रे?" दुसरी कोणी बाई मागून विचारायची. "आदी तर कोनाला घुसू देत नव्हतास."

शांताराम आरशात बघायचा. गोदूबाई मग खिडकीबाहेर बघू लागायची. होळीपासून काय बिघडलं होतं ते त्या गाडीत दोघांनाच ठाऊक होतं.

शांताराम पन्नाशी ओलांडलेला, बुटका, दंडांनी भरलेला माणूस. हे दंड होडीवरचे. वीस वर्षं तो थोरल्या भावाच्या, बळवंतच्या होडीवर खलाशी होता. एकदा वादळात होडी खाडीच्या तोंडाशी आडवी झाली. सगळे वाचले. पण त्यानंतर शांतारामला पाण्यावर पाय ठेवला की पोटातून ओकारी यायची. पिढीजात होडी हाकणाऱ्या तांडेलाचा मुलगा समुद्राला भ्याला, असं गावात झालं. लग्नात, हळदीत, पारावर, जिथे चार माणसं जमतील तिथे कोणीतरी विचारायचं, "काय शांताराम, आज ओहोटी का भरती?" आणि मंडळी हसायची. तेव्हा त्याने टेंपो घेतला. रस्ता तरी हलत नाही, असं तो बायकोला, सुलूला म्हणाला होता.

टेंपो त्याने स्वतः मासळीसाठी बांधून घेतला. हौद्याला आतून पत्रा मारला. बर्फाचं पाणी साचतं, मासळी त्यात बसली की फुगते, म्हणून पत्र्याला मागच्या बाजूला एक भोक ठेवलं. भोकाला लाकडी बूच. बुचाला दोरी. ती दोरी हौद्याखालून, कड्यांमधून ओवून पुढे, चालवणाऱ्याच्या पायाशी आणलेली. मोकळ्या जागी, गटाराच्या कडेला गाडी लावायची आणि बसल्या जागेवरून दोरी ओढायची. किनाऱ्यावरच्या बऱ्याच मासळीच्या गाड्यांना अशी दोरी असते.

दोरीचा आणखी एक उपयोग होता आणि तो सगळ्या गाडीवाल्यांना माहीत होता. मागून कोणी उगाच हॉर्न वाजवत राहिलं, नाक धरून शिवी देत गेलं, की दोरी हळूच ओढायची. मागच्याच्या पुढच्या चाकापाशी, नशीब चांगलं असेल तर त्याच्या पँटवर, खवलं आणि रक्त मिसळलेलं गार पाणी. त्याला ते तीर्थ देणं म्हणायचे. संध्याकाळी बंदरावर गाड्या धुताना आज कोणी किती जणांना तीर्थ दिलं याच्या गोष्टी चालायच्या. शांताराम त्या गोष्टी चांगल्या सांगायचा. समुद्राला भ्यालेल्या माणसाला तेवढ्या गोष्टी होत्या.

होळीनंतरच्या आठवड्यात पुलाचं खोदकाम नुकतंच सुरू झालं होतं. रस्त्यावर लाल माती पसरलेली. शांताराम डाव्या रांगेत अडकला होता. उजवीकडून एकामागून एक चार टँकर गेले, एकानेही त्याला आत घेतलं नाही. बर्फ वितळत होता. मागच्या बाया कुरकुरत होत्या. शेवटी उजव्या रांगेत थोडी फट पडली तसा त्याने टेंपो आत घातला. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला डाव्या अंगाने घुसला आणि त्याने गोदूबाईच्या दारावर हाताने थापा मारल्या.

"ए मच्छी, हट ना बाजू!" तो ओरडला, आणि गोदूबाईच्या तोंडाकडे बघून रस्त्यावर थुंकला.

तो मागे गेला की कुठे गेला, ते शांतारामने पाहिलं नाही. आरशात त्याला मोटारसायकलचा एक दिवा दिसला, अगदी जवळ.

"दे त्याला तीर्थ," गोदूबाई म्हणाली. "दे, दे, ओड!"

त्याने ओढलं. हळू नाही, हिसका देऊन. बूच निघालं आणि पहाटेपासून साचलेलं पाणी एका दमात रस्त्यावर पडलं. गोदूबाई हसत होती. आरशातला दिवा सरळ होता, मग तिरका झाला, मग क्षणभर आभाळाकडे बघत राहिला आणि आरशातून गेला. मग टँकरचे ब्रेक. लांबलचक, किंचाळल्यासारखे.

पुढचा रस्ता मोकळा होता. शांताराम त्या रस्त्याने गेला.

बरंच पुढे गेल्यावर गोदूबाई म्हणाली, "पडला वाटतं."

आणि थोड्या वेळाने, "उठला असल."

त्यानंतर त्या गोष्टीवर दोघं बोलली नाहीत. मागच्या बायांनी ताडपत्रीआडून काही पाहिलं नव्हतं. शांतारामने आठवडाभर पेपर विकत घेतला. त्याला वाचायची सवय नव्हती. पालघर, उमरोळी, बोईसर एवढे शब्द शोधत तो बोट फिरवायचा. सापडलं काहीच नाही, आणि न सापडण्याने भीती कमी व्हायच्याऐवजी तिला राहायला जागाच झाली. मेला असेल का? नसेल तर कसा असेल? तो स्वतःला सांगायचा, त्याने थापा मारल्या, बाईमाणसाकडे बघून थुंकला, त्याला थोडं तरी पाहिजेच होतं. हे एवढंच वाक्य त्याच्याकडे होतं. झोप येत नसली की तो ते धरून पडायचा.

टेंपोवरची पिवळी ताडपत्री त्याने काढली आणि निळी घातली. दोरी तोडून खाडीत टाकली. बूच ठोकून बसवलं आणि वरून फटीत लांबीचा लगदा भरला. आता पाणी बाहेर काढायचं म्हणजे वाटेतल्या कुंभवलीपाशी थांबून बादलीने उपसायचं. बाया चिडायच्या. मागच्या गाडीने जरा हॉर्न दिला की शांतारामचा पाय ब्रेकवर जायचा. आणि रांगा जुळायच्या ठिकाणी तो सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचा, कारण त्याच्या मागे कोणी असण्यापेक्षा सगळं जग पुढे गेलेलं बरं.

पावसाळ्यात बोटी बंद होत्या. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्र सुरू झाला तसा टेंपोही. पहिल्याच दिवशी बेटेगावच्या त्या तोंडाशी एक नवा माणूस उभा दिसला. अंगात चमकणारं नारिंगी जाकीट, हातात दांड्याला लावलेली गोल फळी, एका बाजूने लाल, एका बाजूने हिरवी. काम करणाऱ्या ठेकेदाराने ठेवलेला. तो दोन्ही रांगांना आळीपाळीने सोडत होता, एक इकडची, एक तिकडची. त्याला लोक ऐकत होते. चालताना त्याचा डावा पाय वळत नव्हता, काठीसारखा पुढे फेकावा लागत होता.

शांताराम तोंडापाशी कडेला थांबून सगळ्यांना पुढे घालत होता. त्या माणसाने मान उंचावून निळी ताडपत्री पाहिली, पाट्यांच्या कडा पाहिल्या आणि दोन्ही रांगांना लाल दाखवलं.

"थांबा हो जरा! आधी मासळीची गाडी जाऊ द्या!"

आणि शांतारामला हिरवी. वर कपाळाला हात लावून रामराम.

शांतारामच्या हातातलं स्टिअरिंग घामाने सरकलं.

रोज तसंच होऊ लागलं. आधी मासळीची गाडी. गोदूबाईला आवडलं. तिने एक दिवस कागदात बांधून मूठभर सुकट त्याच्या हातात दिली. "नाव काय रे तुजा?"

"नागोराव. हिंगोलीकडचा, मावशी."

"मग हितं कुटं?"

"आधी कंपनीत होतो. आता हे." त्याने पायाकडे बोट दाखवलं.

शांताराम समोर काचेकडे बघत राहिला. काचेवर एक माशी होती. ती वर चढायची आणि घसरायची.

आठ-दहा दिवसांनी पुलावर खडीचा ट्रक बंद पडला आणि सगळं थांबलं. नागोराव फळी काखेत धरून टेंपोपाशी आला, खिडकीला टेकला.

"मामा, तुमची गाडी लई कोरडी असते. पाणी गळत नाही."

"बूच पक्कं केलंय," शांताराम म्हणाला.

"बेस केलं. मी पाण्यावरच पडलो ना. हितंच. शिमग्याच्या टायमाला."

गोदूबाईने पदर तोंडाला लावला.

पुष्कळदा सांगून झालेली गोष्ट सांगावी तसा नागोराव सांगू लागला. "एक मासळीची गाडी अशीच अडकली होती. पिवळी ताडपत्री. टँकरवाले काय जाऊ देईनात तिला. मी मोटारसायकलवर, त्या टँकरच्या मागं. मला वाटलं, बर्फ वितळत असंल बिचाऱ्याचा. मी थांबलो. हात केला, या म्हणलं. माझ्या मागच्यांनी हॉर्न वाजवून कान फोडले माझे. तरी थांबलो."

"तू थांबलास?" शांताराम म्हणाला.

"तर काय. मग ती आत आली. एक पोरगं तिच्या दारावर थापा मारून, शिव्या देऊन कडेच्या मातीतनं पुढं पळालं. मी तिच्या मागं. अन् एकदम भदाभदा पाणी. खाली माती. गाडी गेली एकीकडं, मी एकीकडं. मागच्या टँकरवाल्यानं ब्रेक मारला म्हणून हाय. चाक ह्या पायापाशी थांबलं, पण थांबता थांबता चढलंच." तो हसला. "रॉड हाय आत. थंडीत दुखतो."

"आन् त्या गाडीवाल्याला..." गोदूबाईने सुरुवात केली आणि सोडून दिली.

"त्याचा काय दोष, मावशी? बूच निघालं असंल. थांबला नाही एवढंच वाईट वाटतं. पोलिसांच्या कागदावर लिहिलंय, अज्ञात वाहन. माझी बायको नर्मदा म्हणती, तो कागद फाडून टाका. मी नाही फाडला." मग तो सरळ झाला. पुढचा ट्रक हलला होता. "म्हणून तुमच्या गाड्या आधी सोडतो. उभ्या राहिल्या की पाणी साचतं, मग पुढं कोणाच्या तरी चाकाखाली जातं. चला, निघा."

त्या दिवशी परतताना शांतारामने उमरोळीच्या रस्त्याला गाडी घातली, वाट चुकल्याचं निमित्त करून. मुरब्याला जायला तो रस्ता लागतच नाही. एका बाभळीखाली त्याने गाडी उभी केली.

"तो नव्हता," तो म्हणाला. "थापा मारनारा तो नव्हता. जागा देनारा होता."

"मी ऐकला."

"मावशी, मी सांगतो त्याला."

"काय सांगशील? दोरी ओडली? का ओडली, इचारल. मग?" गोदूबाईचा आवाज खाली आला. "पोलीस गाडी नेतील तुजी. मग मला पन ओडशील त्यात. माज्या सुनेची पोरं लहान हायत. तो म्हनतो बूच निघाला. तो खुश हाय. त्याला राहू दे."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. घरी सुलूने जेवायला वाढलं आणि त्याला ताटात हात घालवेना. "अंग गरम हाय का?" तिने कपाळाला हात लावला. तो शहारला. नागोरावचा रामरामही असाच होता, रोज सकाळी, कपाळाशी हात.

त्याने वेळ बदलून पाहिली. अर्धा तास आधी गेला, नागोराव होता. उशिरा गेला, तरी होता. "मामा, आज उशीर? मी दोनदा बघितलं." शांतारामला वाटू लागलं, याला माहीत आहे. माहीत असूनच हा मला रोज पुढे घालतो. दुसऱ्या क्षणी वाटायचं, याला काहीच माहीत नाही, आणि ते जास्त वाईट. समुद्रावर लाट येताना तरी दिसायची. इथे माणूस हसत होता, हिरवी फळी दाखवत होता आणि शांतारामच्या पोटातून जुनी ओकारी वर येत होती. रस्ताही हलायला लागला होता.

शेवटी जे झालं ते एका मोठ्या काळ्या गाडीमुळे. दिवाळीच्या आधीचा सोमवार. उजवी रांग लांबलचक. नागोरावने तिला लाल दाखवून शांतारामला हिरवी दाखवली. काळी गाडी तोंडाशीच होती. तिचं दार उघडलं आणि गॉगल लावलेला, सदऱ्याच्या बाह्या सारलेला माणूस उतरला.

"ए लंगड्या! किती वेळ? त्या घाण गाडीसाठी आम्हाला थांबवतो तू?"

"साहेब, मासळी हाय. एक गाडी. दोन मिनिटं."

"तुझ्या बापाचा रस्ता आहे का?" त्याने नागोरावच्या हातातली फळी हिसकली आणि दुसऱ्या हाताने त्याला छातीत ढकललं.

धक्का मोठा नव्हता. धड पायांचा माणूस एक पाऊल मागे गेला असता. नागोरावचा डावा पाय वळला नाही आणि तो तसाच, फळकुट पडावं तसा, मातीत पडला.

समोर रस्ता मोकळा होता. पूर्ण मोकळा, पुलापर्यंत.

"चल," गोदूबाई पुटपुटली. "चल रे, मोकळा हाय."

शांतारामने आरशात पाहिलं. आरशात नागोराव मातीत हात टेकून उठायला बघत होता. शांतारामने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. हौद्यातलं पाणी एकदा पुढे आलं, एकदा मागे गेलं, आणि शांत झालं.

तो उतरला. त्या गॉगलवाल्यासमोर जाऊन त्याने हात जोडले. "साहेब, तुमी जा पुढे. मी थांबतो. हात जोडून सांगतो, जा."

माणसाला भांडायला कोणी हवं होतं. जोडलेले हात त्याच्या उपयोगाचे नव्हते. त्याने फळी फेकली, मच्छीवाल्यांच्या आईबहिणींवरून काही बोलला आणि गाडीत बसून निघून गेला.

शांतारामने नागोरावला काखेत हात घालून उभा केला. जाकिटाची माती झटकली. "लागलं का रे?"

"नाही, नाही. तुम्ही कशाला उतरलात मामा? गेला असतात तुम्ही." तो अजून हसत होता. "अशी माणसं रोज असतात."

"ती गाडी माजी होती," शांताराम म्हणाला.

"कुठली?"

"शिमग्याची. बूच निघालं नाय. मी ओडलं. दोरी होती, ती ओडली. मला वाटलं मागं तो शिव्या देनारा हाय."

मागून हॉर्न सुरू झाले होते. नागोराव त्याच्याकडे बघत होता, पण नीट बघत नव्हता, जणू शांतारामच्या मागे कोणी उभं होतं.

"ताडपत्री पिवळी होती," तो म्हणाला.

"बदलली."

नागोराव टेंपोच्या मागे गेला. पाय बाजूला फेकून, हौद्याला धरून, कसाबसा वाकला. त्याने खाली हात घातला. बुचावर वाळलेला लांबीचा लगदा चाचपला. मग त्याची बोटं पुढे सरकली आणि रिकामी कडी त्याला सापडली, आणि त्यापुढची, आणि त्यापुढची, ज्यांतून दोरी पुढे जायची. त्याने प्रत्येक कडीला हात लावला. हौद्यातल्या बाया ताडपत्री वर करून बघू लागल्या.

मग तो आपल्या जागेवर गेला. मातीतली फळी उचलली, बाहीने पुसली, आणि शांतारामला लाल बाजू दाखवली.

शांताराम गाडीत बसून राहिला. एक इकडची, एक तिकडची. टँकर गेले, बस गेल्या, रिक्षा गेल्या. त्याच्या मागचे लोक शिव्या देत त्याच्या बाजूने काढून पुढे गेले. ऊन काचेवर आलं. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, ते पाट्यांच्या तळाशी चढत होतं.

"किती वेळ ठेवनार तो?" मागून एक बाई म्हणाली. "काय केलंस तू?"

"ठेवू दे," गोदूबाई म्हणाली.

पाळीची गर्दी संपली तेव्हा नागोराव खिडकीशी आला. आता तो टेकला नाही.

"उद्या येताना एका कागदावर सगळं लिहून आणा. गाडीचा नंबर. तुमचं नाव. लायसनचा नंबर. काय केलं ते."

"आनतो."

"नर्मदेला दाखवतो. मग काय करायचं ते बघतो. मला आत्ता काही कळंना." त्याने हिरवी बाजू केली. कपाळाला हात गेला नाही.

रात्री शांतारामने सुलूकडून कागद लिहून घेतला. तो सांगत होता, ती लिहीत होती. दोरीपाशी आल्यावर तिचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं आणि पुढे लिहिलं. सही त्याने केली.

सकाळी गोदूबाई गाडीत बसली. शांतारामच्या खिशातल्या कागदाची कड तिला दिसली. कुंभवली आली. तिथे थांबून शांतारामने बादलीने पाणी उपसलं, हात पुसले आणि परत येऊन बसला, तेव्हा तिने हात पुढे केला.

"पेन हाय का?"

"कशाला?"

"माजा नाव लिव त्यात. ओड मीच म्हनली."

पेन नव्हतं. त्यांनी वाटेत एका चहावाल्याकडून घेतलं. कागद डॅशबोर्डवर ठेवून शांतारामने वाकड्या अक्षरांत तिचं नाव आणि तिने सांगितलं तेवढं लिहिलं. तिने अंगठा नको म्हणत स्वतः सही केली, गोदू एवढीच.

बेटेगावच्या अलीकडे रांग लागलेली होती. लांबून नारिंगी जाकीट दिसत होतं. फळीचा रंग तिथून कळत नव्हता. शांतारामने हात खिडकीबाहेर काढला नाही, कोणाला पुढे घातलं नाही, कोणाला अडवलंही नाही. समोरची गाडी एक हात सरकली की तोही एक हात सरकत होता. गोदूबाईने कागद त्याच्या खिशातून काढून स्वतःच्या मुठीत घट्ट धरला होता, आणि पुढची गाडी सरकली तसं ती म्हणाली, "जा. सावकाश जा."

तो सरकला.